हवेत राहिलेल्या अक्षता

आमच्या कृष्णाई मंगल कार्यालयातलं भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं मागे असायचं. ते बिघडलेलं नव्हतं. वडिलांनी मुद्दाम तसं लावलं होतं आणि त्यांच्या पश्चात माझ्या धाकट्या भावाने, जयवंतने, ते तसंच ठेवलं. मुहूर्त जवळ आला की वरमाई घड्याळाकडे बघायची, अजून अवकाश आहे म्हणून गप्प बसायची आणि भांडण दहा मिनिटं पुढे ढकललं जायचं. तेवढ्यात नवरीच्या केसातली शेवटची पिन लागायची, हरवलेला मामा सापडायचा आणि कोल्हापूर नाक्यावर अडकलेली पाहुण्यांची गाडी दारात यायची.

मराठी लग्न वेळेवर लागत नाही, हे सांगायला विज्ञान लागत नाही. पत्रिकेत बारा सदतीस छापलेलं असतं. पण गुरुजी मंगलाष्टकं लांबवतात, मग एखादी हौशी आत्या स्वतः रचलेलं कडवं गायला पुढे येते, तिच्या सुराने उत्साह आलेली दुसरी आत्या माईक ओढते आणि एक वाजून गेल्यावर केव्हातरी अक्षता पडतात. मी कराडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी मुलांचे मार्क कापायचे आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याच कार्यालयात हा सावळागोंधळ बघत बसायचे. त्या आत्यांचा तर मला मनापासून राग यायचा.

कार्यालय जयवंतचं, पण ते चालवायची सुलभा, त्याची बायको. कुठले व्याही कशावरून रुसलेत, कुणाला पहिल्या पंगतीला बसवलं नाही तर तो न जेवता उठून जाईल, हे तिला लग्नघरातल्या माणसांआधी कळायचं. आदल्या दिवशी ती स्वतः तांदळाला कुंकू चोळायची आणि लग्नाच्या वेळी दारात उभी राहून प्रत्येकाच्या तळहातावर अक्षता ठेवायची. "मूठ नीट धरा, सांडू नका," असं कलेक्टरलाही सांगायची.

त्या सुलभाला एका सकाळी चहा गाळता गाळता झटका आला. उजवं अंग गेलं. जीभ काही आठवड्यांनी वळू लागली, पण पाय आणि हात वळले नाहीत. ती चाकाच्या खुर्चीवर आली.

अशा आजारात हाताची एक विचित्र गोष्ट असते. मूठ मिटते, पण उघडत नाही. धरणं सोपं आणि सोडणं अवघड, हे संतांनी मनाबद्दल सांगितलेलं हाताच्या बाबतीतही खरं आहे. निलोफर मुल्ला नावाची फिजिओथेरपिस्ट रोज यायची. तिच्या हाताखाली वर्षभर घाम गाळल्यावर सुलभाच्या बोटांत धरलेला रुमाल एके दिवशी मूठ सैल होऊन खाली पडला. निलोफरने तो उचलून कपाळाला लावला. आम्ही त्या दिवशी पेढे आणले होते.

त्याच सुमारास सप्तलोक आलं.

आभासी दुनिया तोवर नवीन राहिल्या नव्हत्या. मुलं तिथे खेळायची, मोठी माणसं मीटिंगा घ्यायची. सप्तलोकवाल्यांनी तिथे बाजारपेठ उभी केली आणि लोक चष्मा लावून दागिने घ्यायला, वकिलाचा सल्ला घ्यायला, बारशाला आणि लग्नाला जाऊ लागले. निम्मे पाहुणे परदेशात, उरलेल्यांना रजा नाही. आभासी मंगल कार्यालयाला मरण नव्हतं. त्यांची खरी करामत होती कपाळपट्टी. हात हलवायचा हुकूम मेंदूत उठतो. सुलभाच्या बाबतीत हुकूम उठत होताच, फक्त मेंदूतून हातापर्यंत जाणारी वाट तुटली होती. पट्टी तो हुकूम कपाळावरच वाचायची आणि आभासी हात हलवायची. मधली तुटकी वाट ओलांडायची गरजच उरायची नाही.

कंपनीच्या माणसाने आमच्या दिवाणखान्यात सुलभाला पट्टी बांधली, तेव्हा मीही चष्मा लावून शेजारी बसले होते. समोर रिकामा, लखलखीत हॉल होता. त्याच्या मधोमध सुलभा उभी होती. हिरवं नऊवारी, केसात अबोली, दोन पायांवर सरळ. तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग पदर खोचून जी निघाली, ती थेट बोहल्यापर्यंत. तिथे थांबून तिने उजवी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली.

"अक्का, बघा की," ती म्हणाली. "उघडतोय."

मी चष्मा काढला. इकडे खुर्चीत सुलभा बसली होती, मूठ मांडीवर घट्ट मिटलेली आणि डोळ्यांतून पाणी. जयवंत तिच्या पायाशी बसून नुसता रडत होता. त्या क्षणी तो काय ठरवणार हे मला कळलं होतं आणि त्याला अडवायची माझी छाती नव्हती.

तरी कार्यालयाची जमीन विकायची गोष्ट निघाली तेव्हा मी भांडले. नदीकाठच्या मोक्याच्या जागेवर एका बिल्डरचा कधीपासून डोळा होता. ते पैसे सप्तलोकात घालून जयवंत तिथलं सगळ्यात मोठं कार्यालय घेणार होता.

"सातबारा कुठाय त्याचा?" मी विचारलं.

"अक्का, तिथं सातबारा नसतो. परवाना असतो."

"म्हणजे भाड्याचं घर, आणि तेही हवेत. आणि कंपनी बुडाली की?"

"विमा आहे. आणि नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के वेळ चालू राहायची हमी आहे. उरलेला वेळ किती होतो सांग, तू गणितातली."

मी हिशोब केला. "वर्षाला पावणेनऊ तास."

"आपल्या कार्यालयात एका उन्हाळ्यात याच्या दसपट लाइट जाते!" तो हसला. मग हसू ओसरलं. "आणि हे बघ. इथं सुलभा दारात खुर्चीवर बसते आणि येणारा-जाणारा तिच्याकडं बघून चुकचुकतो. तिथं ती उभी राहून लोकांना आत घेते. आता तूच सांग मला, कुठलं कार्यालय ठेवू?"

जयवंत लोभापायी फसला असं गावात बोलतात, तेव्हा मला त्यांच्या तोंडाला लागावंसं वाटतं.

कार्यालय पाडलं. जयवंतने आठवण म्हणून घड्याळ तेवढं घरी आणलं, आमच्या स्वयंपाकघरात टांगलं आणि पहिल्यांदाच बरोबर वेळेला लावलं. "आता मागं ठेवायचं कारण नाही," म्हणाला.

ते खरंच होतं. सप्तलोकात नवरीला नटायला डोळ्याची पापणी लवायचा वेळ पुरायचा. मामा कुठेही असला तरी हाकेसरशी हजर. गाडी नाही, नाका नाही, जेवणाची पंगत नाही. ताटं आधीच घरपोच गेलेली. जयवंतने याची जाहिरातच केली: 'मुहूर्त चुकला तर भाडं परत.' लोकांनी ते उचलून धरलं. वर्षभरात सप्तलोकातल्या प्रत्येक मंगल कार्यालयाने तीच पाटी लावली. गुरुजींचं मंगलाष्टक घड्याळाशी जोडलं आणि शेवटचं 'सावधान' मुहूर्ताच्या सेकंदाला पडू लागलं. जयवंतला तिथल्या कार्यालयवाल्यांनी आपल्या संघाचा अध्यक्ष केलं. वर कंपनीने अक्षता खऱ्या करून दिल्या. म्हणजे दर एक दाणा वेगळा, त्याला वजन, तो दुसऱ्या दाण्यावर आपटणार, मुंडावळ्यांत अडकणार, शालूवरून घरंगळणार. सुलभा दारात उभी राहून प्रत्येकाच्या तळहातावर त्या अक्षता ठेवायची आणि "मूठ नीट धरा" म्हणायची. ती सुखात होती. हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला विसर पडेल: ती दोन वर्षं सुखात होती.

निलोफर मात्र येईनाशी झाली. एकदा ती मला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, काकू व्यायामाला बसतच नाहीत. काका म्हणाले, कशाला तिला उगाच रडवायचं. अजून सहा महिने मिळाले असते तर कप धरता आला असता. धरून परत ठेवतासुद्धा आला असता."

मी ते जयवंतच्या कानावर घातलं. सुलभानेच मला गप्प केलं. "अक्का, इकडं एक बोट हलवायला जीव जातो. तिकडं मी धावते. कशाला मागं ओढताय मला?"

मेंदूची तुटलेली वाट पूर्ववत होत नाही, पण शेजारून पायवाट पडू शकते. पायवाट पडायला त्यावरून कुणीतरी रोज चालावं लागतं. सुलभाचा प्रत्येक हुकूम कपाळावरच उचलला जात होता आणि पायवाटेवर गवत वाढत होतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण धावणाऱ्या बाईला तू रांग असं सांगायला पुस्तक पुरत नाही.

मग शाल्मलीचं लग्न ठरलं. शाल्मली ही जयवंत-सुलभाची एकुलती एक मुलगी. नॉर्वेत ट्रॉन्डहेमला समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करते. मुलगा निषाद तिच्याच ऑफिसातला, मूळचा अकोल्याचा. लग्न कुठे करायचं यावरून बाप-लेकीचं वाजलं.

"बाबा, आम्ही दोघं कराडला येतो," ती पडद्यावरून म्हणाली. "पंचवीस माणसं बोलवू. घरात करू."

"घरात? सप्तलोकात बापाचं सगळ्यात मोठं कार्यालय असताना माझी पोरगी घरात लग्न करणार?"

"मला आईच्या हातच्या अक्षता पाहिजेत. खऱ्या."

"आईचा खरा हात उघडत नाही, शालू," जयवंत हळूच म्हणाला. "तिथं उघडतो. इथं ती खुर्चीत बसून तुझं लग्न बघेल. तिथं ती तुझी आई म्हणून उभी राहील. तुला कुठली आई पाहिजे?"

"आईला विचारा," शाल्मली म्हणाली.

सुलभा म्हणाली, "मला उभं राहायचंय."

शाल्मली आणि निषाद ट्रॉन्डहेमच्या आपल्या घरी चष्मा लावून एकमेकांसमोर उभे राहणार, हार मात्र खरे घालणार, आणि बाकी सारं जग सप्तलोकातून येणार, असं ठरलं.

त्या वर्षी लग्नांना वर्ज्य असलेला शुक्राचा अस्त लांबला होता. वैशाखात लग्नाचे मोजकेच मुहूर्त निघाले आणि त्यातला चांगला असा एकच. पंचांगवाल्यांचं नेहमी एकमेकांशी पटत नाही, पण यावर सगळ्यांचं पटलं: दुपारी बारा वाजून सदतीस मिनिटं. शाल्मलीचं लग्न त्याच मुहूर्तावर होतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात सप्तलोकच्या एका इंजिनिअरचा जयवंतला फोन आला. मी तिथेच बसून तूप कढवत होते. फोन स्पीकरवर होता.

"सर, तुम्ही संघाचे अध्यक्ष आहात म्हणून विनंती करतोय. त्या दिवशी एकाच वेळेला फार लग्नं आहेत. आम्हाला चालेलसं वाटतंय, पण खात्री नाही. निम्म्या कार्यालयांनी लग्न फक्त दहा मिनिटं पुढं ढकललं तर बरं होईल. तुम्ही सांगितलंत तर सगळे ऐकतील."

"दहा मिनिटं?" जयवंतचा आवाज चढला. "अहो, मुहूर्त म्हणजे काय एसटीचं वेळापत्रक आहे का, मागं-पुढं करायला? दारावर पाटी लावलीय आम्ही. तुम्ही हमी दिलीय, ती पाळा."

"सर, फक्त दहा मिनिटं..."

"नाही म्हणजे नाही." त्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काय माणसं असतात बघ. मुहूर्त चुकवायला सांगतात."

ज्या घराण्याचं घड्याळ पन्नास वर्षं दहा मिनिटं मागे होतं, त्या घराण्यातला माणूस हे बोलत होता. मला हसू आलं आणि मी हसले. विनोद वाटला मला तो.

लग्नाच्या दिवशी सुलभाला पैठणी नेसवून खुर्चीत बसवली, पट्टी बांधली. मी एकच काच असलेला चष्मा लावला होता, म्हणजे एका डोळ्याला सप्तलोक आणि दुसऱ्याला आमचा दिवाणखाना. सुलभाला काही लागलं तर बघायला कुणीतरी हवं होतं.

काय देखणं झालं होतं ते लग्न! मोगऱ्याच्या माळांमधून ऊन गाळून आल्यासारखं पडलं होतं. सुलभा दारात उभी राहून सहाशे माणसांच्या हातावर अक्षता ठेवत होती. जुने लोक तिला बघून थबकत होते आणि मग हात जोडत होते. शाल्मली बोहल्यावर आली. वझे गुरुजींनी अंतरपाट धरायला लावला, मंगलाष्टकं सुरू झाली. सुलभा बोहल्याच्या कडेला येऊन लेकीच्या अगदी जवळ उभी राहिली. उजवा हात वर, मुठीत अक्षता. शेवटचं कडवं आलं. 'सावधान' झालं. अंतरपाट खाली गेला आणि सुलभाने मूठ उघडली.

सहाशे मुठी उघडल्या. अक्षता वर उडाल्या, पसरल्या आणि थांबल्या.

लाल दाणे हवेत जिथल्या तिथे राहिले. सनईचा सूर एकाच जागी ताणला गेला. शाल्मलीचा चेहरा अर्धवट हसू घेऊन तसाच. सुलभाचा हात लेकीच्या डोक्यावर वीतभर अंतरावर, बोटं पूर्ण उघडलेली, आणि बोटांखाली टांगून ठेवल्यासारखे ते दाणे. मग बोहलं गेलं, माळा गेल्या, माणसं गेली. पांढऱ्या भिंतीवर 'कृपया प्रतीक्षा करा' एवढंच उरलं.

माझ्या दुसऱ्या डोळ्याला आमचा दिवाणखाना दिसत होता. सुलभा खुर्चीत होती. पट्टीखाली तिचा चेहरा वर उचललेला, हात मांडीवर, मूठ मिटलेली.

"पडल्या का हो, अक्का?" तिने विचारलं. "मला दिसत नाहीये. शालूच्या डोक्यावर पडल्या का?"

आतल्या खोलीत जयवंत फोनवर ओरडत होता. पलीकडून कुणी उत्तर देत नव्हतं.

ट्रॉन्डहेमला शाल्मली आणि निषाद यांनी चष्मे काढले आणि एकमेकांना हार घातले. खोलीत ती दोघंच होती. लग्न लागलं, पण त्यांच्या डोक्यावर एकही दाणा पडला नाही.

सप्तलोक तीन दिवस बंद राहिलं. चालू झालं, पुन्हा पडलं आणि आषाढात कायमचं मिटलं. का पडलं, याचा चौकशी अहवाल पुढे निघाला. तो मी वाचला. वाचताना आधी हसले आणि मग हसता येईना.

आभासी दुनिया चालवणारं यंत्र म्हणजे सोसायटीची पाण्याची टाकी. टाकी सगळ्या घरांना पुरते, कारण सगळी घरं एकाच वेळी नळ सोडत नाहीत. टाकी केवढी बांधायची हे ठरवायला कंपनीने महाराष्ट्रातल्या हजारो खऱ्या लग्नांची जुनी माहिती घेतली होती: मुहूर्त कधी होता आणि अक्षता प्रत्यक्षात कधी पडल्या. त्यात दिसलं की एकाच मुहूर्तावरची लग्नं तासा-दीडतासात पसरतात. कुणी लवकर, कुणी उशिरा, बरेचसे फारच उशिरा. त्या हिशोबाने टाकी बांधली. त्या हिशोबात न सापडलेला मामा होता, केसातली पिन होती, हौशी आत्या होत्या आणि कदाचित आमचं मागे लावलेलं घड्याळही होतं. सप्तलोकात यातलं काहीच नव्हतं. तिथे त्या दुपारी एकूण एक कार्यालयात, एकाच सेकंदाला, लाखो मुठी उघडल्या. दर मुठीत शेकडो दाणे, आणि दर दाणा दुसऱ्या दाण्यावर कुठे आपटतो याचं गणित. दाणे दुप्पट झाले तर टकरी चौपट होतात. टाकी क्षणात कोरडी पडली.

विम्याचंही तेच झालं. विमा कंपनी धरून चालली होती की एखादं कार्यालय कधीतरी बंद पडेल. सगळ्यांनी एकदम भरपाई मागितली तेव्हा तिने हात वर केले. जयवंतची मिळकत आणि गिऱ्हाइकांच्या आगाऊ रकमा सप्तलोकच्याच नाण्यांत होत्या. दुनिया मिटल्यावर ती नाणी नाटकातल्या दागिन्यांसारखी झाली. नदीकाठच्या जागेवर तोवर आठ मजले चढले होते.

पैशाचं दुःख जयवंतने पचवलं. माझं पेन्शन आहे, घर आहे. आम्ही उपाशी नाही. पण सप्तलोक मिटल्याच्या दुसऱ्या सकाळी सुलभाने पट्टी मागितली. आम्ही सांगितलं, दुनिया गेली. तिला ते कळत होतं. तरी ती म्हणाली, "बांधा तर खरी." जयवंतने बांधली. ती तासभर डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "काढा."

मी निलोफरला बोलावलं. तिने सुलभाचा हात हातात घेतला, बोटं एकेक करून उघडून बघितली, सोडली. ती पुन्हा मिटली. निलोफर स्वयंपाकघरात गेली आणि पाणी प्यायली.

"पहिल्यापासून धरायला लागेल," ती परत येऊन म्हणाली. "पहिल्यापेक्षा मागूनच म्हणा. स्नायू आखडलेत."

"रुमाल पडायचा तिच्या हातातून," जयवंत म्हणाला. "आधी पडायचा."

"हो काका. तेव्हा पडायचा."

मार्गशीर्षात शाल्मली आणि निषाद कराडला आले. शाल्मलीने काही नको म्हणून सांगितलं होतं. हॉल नको, जेवण नको. "आईच्या हातच्या अक्षता घ्यायला आलेय. तेवढंच."

वझे गुरुजींनी आधी नकारार्थी मान हलवली. लग्न लागलंय, पुन्हा मंगलाष्टकं कशी म्हणायची? मग सुलभाकडे बघून म्हणाले, "आशीर्वादाला काही मुहूर्त लागत नाही. बसा."

दिवाणखान्यात आम्ही दहा-बारा जण होतो. सुलभा खुर्चीत. तिच्यापुढे पाटावर शाल्मली आणि निषाद. तांदळाला कुंकू मी चोळलं होतं, जरा जास्तच ओलं झालं. शाल्मलीने आईची मूठ उघडून त्यात अक्षता भरल्या. मूठ मिटली. शाल्मली पाटावरून सरकून पुढे आली आणि तिने आईच्या मांडीवर, त्या मुठीखाली, आपलं डोकं ठेवलं.

गुरुजींनी म्हटलं, "सावधान." आम्ही सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

सुलभाची मूठ उघडली नाही.

तिचं कपाळ घामाने भिजलं. ओठ आवळले गेले. निलोफर पुढे व्हायला लागली, पण सुलभाने डोळ्यांनीच तिला थांबवलं. गुरुजींनी क्षणभर वाट बघितली आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुढचं कडवं सुरू केलं. मग आणखी एक. मग तुळशीच्या लग्नातलं एक. कुणी घड्याळाकडे बघत नव्हतं. शेवटी गुरुजींचा साठा संपला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी आयुष्यात कधी मंगलाष्टक म्हटलेलं नाही. माझा आवाज वर्गात ओरडून फाटलेला आहे. पण मी त्या मुलीची आत्या आहे. मी उभी राहिले आणि लहानपणापासून हजार वेळा कानावर पडलेलं, राग राग करत ऐकलेलं एक कडवं म्हणायला लागले. सूर लागला नाही. ते संपलं तेव्हा तेच पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना सुलभाचा अंगठा जरासा बाजूला झाला.

दोन दाणे पडले. एक शाल्मलीच्या भांगात, एक जमिनीवर.

"पडल्या का गं?" सुलभाने विचारलं. तिचा श्वास फुलला होता.

"पडल्या, आई," मांडीवरून डोकं न उचलता शाल्मली म्हणाली. "सगळ्या पडल्या."

बाकीच्या अक्षता मुठीतच होत्या. संध्याकाळी पोरं बाहेर गेल्यावर निलोफरने कोमट पाण्यात सुलभाचा हात धरून बोटं सैल केली. भिजलेले दाणे तळहाताला चिकटून बसले होते आणि काढल्यावर त्यांचे लाल वण उरले. सुलभा ते बघत बसली. उद्या किती वाजता येतीस, असं तिने निलोफरला विचारलं.

मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. जयवंत तिथे अंधारात स्टुलावर बसला होता. भिंतीवरचं घड्याळ त्याने उतरवून मांडीवर घेतलं होतं आणि काटे मागे फिरवत होता.

"अक्का," तो म्हणाला, "त्या माणसानं दहाच मिनिटं मागितली होती गं."